मदत हवी आहे: लिक्विड क्रिस्टल सेल सकाळी चालतो, दुपारी ढिम्म

मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टसाठी लिक्विड क्रिस्टलने लेझरची फेज बदलायचा सेटअप लावलाय. प्लेनर सेल (रेणू काचेला समांतर झोपलेले), ९ मायक्रॉनचा, आत ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल, क्रॉस्ड (एकमेकांना काटकोनात) पोलरायझरच्या मधे ४५ अंशात, लाल हीलियम-निऑन लेझर, मागे फोटोडायोड, १ किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह. सकाळी मस्त चालतं, शून्य व्होल्टला भरपूर उजेड, एका व्होल्टच्या आसपास हलायला लागतं आणि मग वाढवत नेलं की अंधार-उजेड-अंधार-उजेड करत शेवटी अंधारात बसतं. हिशोबही जुळतो, बायरिफ्रिंजन्स (दोन ध्रुवण दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक) ०.१८ गुणिले जाडी ९ भागिले लेझरची तरंगलांबी ०.६३३ मायक्रॉन म्हणजे साधारण अडीच वेव्हचा फेज फरक.

जेवून आलो की शून्य व्होल्टलाच काळोख, १० व्होल्ट दिले तरी फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ठणठणीत! वायरी नव्याने सोल्डर केल्या, जनरेटर बदलला. सर म्हणतात आत शॉर्ट होतोय, नवा सेल बनव. आयटीओ काच (वीजवाहक पारदर्शक थराची) मागवायची म्हणजे प्रोजेक्ट बोंबलला. काय असेल?

> लेझरवाला: शॉर्ट नाही वाटत. शॉर्ट झाला किंवा वायर सुटली तर सेलला व्होल्टेज मिळणार नाही, म्हणजे तो शून्य व्होल्टच्या अवस्थेत अडकेल, आणि तुमच्याकडे ती उजेडाची आहे. तुम्हाला दिसतोय अंधार. लॅब कुठेय, एसी आहे का?

> धागाकर्ता: नागपूर. एसी कुठला, एक कूलर आहे तोही दाराशी.

> लेझरवाला: मग संपलंच की! ५सीबी ३५ अंशांच्या वर नेमॅटिक (रेणू एका दिशेत असलेलं लिक्विड क्रिस्टल) राहतच नाही, साधं द्रव होतं, बायरिफ्रिंजन्स शून्य, दुसरा पोलरायझर सगळा उजेड अडवणार. दुपारी सेल गोल फिरवून बघा, कुठल्याही कोनात काळाच राहिला तर नक्की समजा. आणि खरी भानगड त्याच्या आधीची आहे, तिशीपासूनच बायरिफ्रिंजन्स भराभर घसरतो, त्यामुळे सकाळी काढलेला फेजचा कर्व्ह दुपारी बाराला चालणार नाही. थर्मोकपल काचेलाच चिकटवा, प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहा.

> काचेपलीकडे: ५सीबीऐवजी ई७ हे लिक्विड क्रिस्टल मिश्रण भरा, ६० अंशांच्या आसपासपर्यंत नेमॅटिक टिकतं. बायरिफ्रिंजन्स जास्त आहे, तेव्हा तीनेक वेव्ह मिळतील, पीकच्या जागा बदलल्या म्हणून घाबरू नका.

> धागाकर्ता: सकाळी सेलवर हेअर ड्रायर मारला, लगेच काळा! थंड होताना उजेड आला, गेला, परत आला, म्हणजे व्होल्टेज न देता तेच पीक दिसले. सरांना दाखवलं, ते नुसतं हं म्हणाले. आता ई७ याच सेलमधे धुऊन भरू का, की रबिंग (रेणूंना दिशा देणारी काचेवरची घासणी) जाईल?