मदत हवी आहे: सुपरक्रॉस (स्टेडियममधली मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस) बघायला मुलाला न्यायचंय, स्टेडियममध्ये बसायचं कुठे?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. गोव्यातल्या डर्ट रेस कॉलेजपासून बघत आलोय. तांबड्या मातीचं मैदान, बांधलेली दोरी आणि धिरयोला (बैलांच्या झुंजीला) असते तशी दोरीला रेटून उभी गर्दी. गाडी समोरून गेली की दिसते, मग नुसता धुरळा. कोण कितवा चाललाय हे माइकवाला सांगेल तेवढंच कळतं.

आता चिरंजीवांना (वय ९) सुपरक्रॉसचं वेड लागलंय. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तिचे व्हिडिओ बघून त्याने माझ्या फोनची पार वाट लावलीय. तेव्हा जाणं जमलं नाही. पुढे जवळपासच्या शहरात रेस लागली की नेणार, असं कबूल करून बसलोय. आईही येते म्हणते. गुडघे दुखतात, पण हौस दांडगी.

तर, मुलाला सगळ्यात पुढची रांग हवी, मला वाटतं वर बसावं. कोण बरोबर? दुसरं, आवाज लहान मुलाला झेपेल का? आणि संध्याकाळभर नेमकं काय काय चालतं? आईला आधी नीट सांगितलं नाही तर दर दहा मिनिटांनी "संपलं काय रे?" सुरू होईल. प्रवासाचे सल्ले नकोत, चोर्ला घाट पाठ आहे.

प्रतिसाद: कुळागर
पुढची रांग अजिबात नको. स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून ट्रॅक बांधतात आणि उड्यांचे ढीग माणसाच्या डोक्यावर जातात. खाली बसलात तर पहिल्या ढिगामागे काय चाललंय ते दिसणारच नाही, म्हणजे पुन्हा तुमची दोरीच. मधल्या उंचीवर बसा, रेस सुटते त्या गेटापासून पहिल्या वळणापर्यंतचा पट्टा दिसेल असं.

कारण अर्धी रेस तिथेच ठरते. ३० सेकंदांची पाटी वर होते, मग आडवी होते आणि त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत गेट कधीही पडतं. नेमकं कधी, ते रायडरला कळत नाही. गेट रायडरच्या अंगावर येईल असं मागे पडतं, त्यामुळे उतावळ्याचं चाक त्यातच अडकतं. पहिल्या वळणातून पुढे निघाला त्याचा होलशॉट. ट्रॅक अरुंद, पुढे काढायला जागा कमी, म्हणून त्याचं एवढं मोल.

मुलाला वूप्स दाखवा. ओळीने बांधलेले छोटे उंचवटे असतात. कसलेला रायडर नुसत्या शेंड्यांवरून सुसाट जातो, वेग जरा कमी पडला की पुढचं चाक मधल्या खळग्यात गचकन बसतं. माझ्या मते हीच खरी परीक्षा, उड्या फोटोंसाठी.

प्रतिसाद: तांबडीमाती
उड्या फोटोंसाठी? ट्रिपल (एका झेपेत तीन ढीग पार) बघितलेली दिसत नाही तुम्ही! बाकी जागेचं बरोबर. फक्त ८५ सीसी ज्युनियरच्या वेळी मुलाला घेऊन खाली जा. त्याच्याहून थोडी मोठी पोरं टू-स्ट्रोक पिळताना दिसतील, जळक्या ऑइलचा वास थेट नाकात. मग वर या.

काकींना असं सांगा: एकच लांब रेस नसते, गटागटाच्या छोट्या रेस असतात. लीगमध्ये परदेशी रायडरांचे ४५० आणि २५० सीसीचे गट, भारत-आशियाचा २५० आणि हे ज्युनियर. अमेरिकेत आधी हीट (पात्रतेच्या छोट्या रेस), त्यात मागे राहिलेल्यांना लास्ट चान्स, मग २२ जणांची फायनल. ४५० ची फायनल २० मिनिटं अधिक एक फेरी, तीही तेवढ्यात आटोपते. मधल्या वेळात गुडघे मोकळे करता येतात. सीट मात्र जिन्याच्या कडेची घ्या.

आवाजाला इअरमफ (हेडफोनसारखे कान झाकणारे) हवेतच. फोमचे बोळे लहान कानात नीट बसत नाहीत. आणि घरी आधी तासभर घालून बसवा, नाहीतर तिथे पहिल्या रेसलाच काढून फेकेल.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मधली उंची, जिन्याची कड, ठरलं. मुलाचा एक पोटप्रश्न: इअरमफ घातल्यावर माइकवाल्याचं ऐकू येतं का? नाहीतर घालणार नाही म्हणतो.

तांबडीमाती
लाउडस्पीकर असतो हो, दबका येतो पण कळतं. त्याला सांगा, रायडरच्या पाठीवरचा नंबर बघायचा. मग माइकवाल्याची गरजच पडत नाही.