साध्या घटकांतून गुंतागुंत: कला की नुसती आवर्तनं?

रेघोटी:
एक आकार, एक नियम, एवढ्यावर चित्र उभं राहतं का? माझ्या मते राहतं. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीचं १९६१ चं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' बघा. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. उंची सगळ्यांची सारखी, रुंदी मात्र कमी कमी होत जाते आणि पुन्हा वाढते. बदललं एकच माप, पण सपाट पट डोळ्यांदेखत दुमडतो.

कोराकागद:
तो दृष्टिभ्रम झाला. गुंतागुंत वेगळी, गजबज वेगळी. आज छोटासा प्रोग्रामही एका वर्तुळाची दहा हजार वर्तुळं करून देतो. दोन मिनिटं थक्क व्हायचं, पुढे काय? मला चित्रात चित्रकार कुठेतरी अडलेला दिसायला हवा. नियम कधी अडत नाही.

रेघोटी:
अहो, नियमच अडवतो! अमेरिकी कलाकार सॉल लविटनं १९७४ मध्ये घनाच्या बारा कडांतल्या काही काढून अपुरे घन केले. अट अशी की उरलेल्या कडा एकमेकींना जोडलेल्या हव्यात, सगळ्या एकाच प्रतलात नकोत, आणि नुसता फिरवून मिळणारा आकार पुन्हा धरायचा नाही. त्यातून १२२ रचना झाल्या. हा आकडा त्याच्या लहरीतून नाही, अटींतून आला. आणि बघताना नसलेल्या कडा आपलं मन भरत राहतं. खरी गुंतागुंत तिथे घडते. प्रोग्रामचंच म्हणाल तर चित्रकार वेरा मोल्नारनं १९६८ पासून संगणक हाताशी घेतला आणि चौकोनांच्या शिस्तीत थोडी बेशिस्त घातली. ती किती घालायची, हे तिनंच ठरवलं ना?

शिसपेन्सिल:
मधेच बोलते. चित्रकार ॲग्नेस मार्टिनचे सहा फूट बाय सहा फुटांचे कॅनव्हास, त्यावर पेन्सिलीच्या रेघांची जाळी. लांबून धुकं वाटतं. जवळ गेलं की हात कुठे दाबला गेला, कुठे हलका पडला, ते दिसतं. फोटोत हे सगळं मरतं, आणि आपण बहुतेक जण फोटो बघूनच वाद घालतो.

कोराकागद:
मार्टिन मान्य, मनापासून. तिथे प्रत्येक रेघ नव्यानं ओढावी लागते. पण मग श्रेय हाताचं, नियमाचं नाही. लविटची भिंतीवरची चित्रं तर त्याच्या लेखी सूचनांवरून इतर लोक काढतात. तिथे हात कुणाचा?

रेघोटी:
काढणाऱ्याचा. रेघा आखूड नकोत, सरळ नकोत, एकमेकींना छेदायला हव्यात, अशा धर्तीच्या सूचना आहेत त्याच्या. दहा जणांना एकच सूचना द्या, दहा भिंती वेगळ्या होतील.

कोराकागद:
मग त्या भिंतीखाली त्या दहा जणांची नावं आधी लिहा. तेवढं झालं तर माझा अर्धा विरोध मावळेल.