अहवालात ग्रॅन्युलोमा आहे, पण क्षयरोगाचे जंतू नाहीत. निदान कसे करावे?

समुदाय आरोग्य अधिकारी, गडचिरोली जिल्हा
आमच्या गावातील एका शेतमजूर बाईंच्या मानेतल्या गाठीचा सुईने घेतलेला नमुना तपासला असता, ‘ग्रॅन्युलोमा आहेत, नेक्रोसिस (पेशी मरून पडलेला भाग) नाही, क्षयाचे जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल आला. एका डॉक्टरांनी टीबीची औषधे सुचवली, तर दुसऱ्यांनी सारकॉइडोसिस (जंतूंशिवायही ग्रॅन्युलोमा होणारा आजार) समजून स्टेरॉइड लिहून दिले. घरच्यांना काय सांगावे?

विकृतिशास्त्रज्ञ, वर्धा
ताई, स्टेरॉइड तूर्त सुरू होऊ देऊ नका. आजार क्षयाचा निघाल्यास तो त्याने बळावेल. ग्रॅन्युलोमा म्हणजे सहज नष्ट न होणाऱ्या जंतूभोवती किंवा बाहेरच्या पदार्थाभोवती शरीराने घातलेला पेशींचा वेढा असतो, आणि तो अनेक आजारांत दिसतो. मध्यभागी केसिएशन (पेशी मरून पनीरासारखा झालेला भाग) असेल तर क्षय, नसेल तर सारकॉइड, ही विभागणी पुस्तकात सोपी वाटते. प्रत्यक्षात क्षयाच्या सुरुवातीला केसिएशन नसू शकते, आणि असले तरी सुई नेमकी तिथे पोहोचेलच असे नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते सुमारे १०,००० असावे लागतात. सीबीनॅट ही जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी त्याहून कितीतरी कमी जंतूंवर क्षय ओळखते आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला दाद न देणारा प्रकारही सांगते. म्हणून नमुना पुन्हा घ्यावा आणि त्याचे दोन भाग करावेत. एक फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारे रसायन), दुसरा साध्या सलाईनमध्ये. फॉर्मॅलिनने जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, करता येत नाही. आपल्याकडे अनेक नमुने याच कारणाने वाया जातात, याचे मला फार वाईट वाटते. सारकॉइडचे निदान क्षय, कुष्ठरोग आणि बुरशी वगळल्यावरच करावे.

त्वचारोगतज्ज्ञ, चंद्रपूर
पूर्व विदर्भात कुष्ठरोग आजही आढळतो, त्यामुळे बाईंच्या अंगावरील फिकट चट्ट्यांवर स्पर्श कळतो का, कोपराजवळची नस जाड लागते का, हे उपकेंद्रातच पाहावे. जंतू दिसावेत म्हणून नमुन्याला रंग देतात, त्या नेहमीच्या रंजनात कुष्ठजंतू अनेकदा रंग टिकवत नाहीत, त्यांच्यासाठी फाइट-फराको हे सौम्य रंजन मागावे लागते. एचआयव्हीची तपासणी आणि छातीचा एक्स-रेही करून घ्यावा.

समुदाय आरोग्य अधिकारी
धन्यवाद सर. रोवणी सुरू असल्याने बाई नागपूरला जायला तयार नाहीत. नमुना ग्रामीण रुग्णालयात घेऊन पाठवला तर चालेल का?

विकृतिशास्त्रज्ञ, वर्धा
चालेल. सलाईनची नळी घट्ट बंद करून, बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या पेटीतून त्याच दिवशी पाठवावी. लसीची पेटी मात्र त्यासाठी वापरू नये. चिठ्ठीवर ‘सीबीनॅट व कल्चर’ असे स्पष्ट लिहावे.