प्रोस्टेट: टीयूआरपी की होलेप? कृपया लवकर सांगा

धाकटा: बाबांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडली म्हणून नळी घातलीय. दोनदा काढून पाहिली, पण लघवी झालीच नाही. एक डॉक्टर टीयूआरपी (लघवीच्या वाटेने ग्रंथी आतून खरवडणं) म्हणतात, दुसरे होलेप (लेझरने काढणं). परवापर्यंत सांगायचंय. काय करू?

वाटसरू: ग्रंथी किती ग्रॅमची? सोनोग्राफीच्या कागदावर असेल. वय? रक्त पातळ करायच्या गोळ्या? पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी)? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आप्पा७१: बिनधास्त टीयूआरपी करा. मी ९ वर्षांपूर्वी केली, तिसऱ्या दिवशी नळी निघाली. रात्री पाच वेळा उठायचो, आता एकदा.

मीरा: मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर टॅमसुलोसिन (प्रोस्टेटसाठी देतात ती गोळी) चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. बाहुली नीट मोठी होत नाही.

धाकटा: मोतीबिंदू नाहीये हो! वय ७४, ग्रंथी ११० ग्रॅम, पीएसए नॉर्मल. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे.

वाटसरू: आप्पा, तुमची किती ग्रॅमची होती? टीयूआरपी साधारण ८० पर्यंत ठीक. त्यापुढे खरवडायला वेळ लागतो, रक्त जास्त जातं. त्यात मोनोपोलर (टीयूआरपीचा विजेवरचा जुना प्रकार) असेल तर आत धुवायला वापरलेलं ग्लायसिनचं पाणी अंगात मुरून रक्तातलं सोडियम उतरतं. बायपोलर (नवा प्रकार) सलाईनवर चालते, तो धोका टळतो. होलेपला आकाराची अडचण नाही. लेझरने गाठ कवचापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात, तिथे बारीक करून ओढून घेतात.

आप्पा७१: माझी ४५ ची. पण होलेपनंतर माझ्या मेव्हण्याला दोन महिने पॅड लावावे लागले, तेही सांगा की.

वाटसरू: खरंय, सुरुवातीला गळतं. बहुतेकांचं थांबतं. म्हणूनच सर्जनला विचारा, आजवर किती होलेप केल्या. हात बसायला वेळ लागतो.

सदू: रेझूम करा, वाफेने होतं. वीर्य उलटं मूत्राशयात जाण्याचा त्रासही कमी.

वाटसरू: ११० ला रेझूम सहसा देत नाहीत. धाकटा, क्लोपिडोग्रेल कशासाठी? हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) आहे का?

धाकटा: हो. चार महिने झाले.

वाटसरू: अहो, मग आधी हेच! गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, स्टेंट बंद पडू शकतो. परवाचं उत्तर लांबवा आणि दोन्ही सर्जनना हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. तोवर नळीवर थांबता येतं, फक्त ती वेळेवर बदलायला हवी.

धाकटा: दोघांनाही स्टेंटचं सांगितलंच नव्हतं. गोळ्यांची चिठ्ठी दाखवली होती फक्त. आत्ता फोन लावतो.