केनियाची सिनेट ठेवायची की बंद करायची?

वाटसरू:
नैरोबीत सहा वर्षं काढली त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. तिकडे अधूनमधून कुणीतरी म्हणतंच, सिनेट (संसदेचं वरचं सभागृह) बंद करा, उगाच खर्च. मला अजिबात पटत नाही. २०१० च्या घटनेने ४७ काउंट्या केल्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या पण स्वतःचं निवडून दिलेलं सरकार असलेल्या, आणि त्यांचं म्हणणं वर पोचावं म्हणून सिनेट आणली. एकूण ६७ सिनेटर, त्यातले ४७ थेट निवडून, प्रत्येक काउंटीचा एक. २०१९ च्या जनगणनेत नैरोबी जवळपास ४४ लाख आणि लामू दीड लाखसुद्धा नाही, तरी काउंट्यांच्या विधेयकावर दोघांचं मत एकेकच. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशचे ३१ आणि सिक्कीमचा १, तसं तिथे नाही. माझं तर म्हणणं आहे की सिनेटला अजून अधिकार द्या, विशेषतः पैशाच्या बाबतीत.

सह्याद्री_७:
दादा, मताचा हिशोब बरोबर आहे पण उरलेले २० कोण? १६ महिला, २ तरुण, २ दिव्यांग, सगळे पक्षांच्या यादीतून. आणि काउंट्यांच्या विधेयकावर त्यांना स्वतंत्र मतच नाही, डेलिगेशनचं, म्हणजे एका काउंटीच्या सगळ्या सिनेटरांच्या गटाचं, एक मत निवडून आलेला सिनेटरच देतो. २०१३ ला तर ४७ मध्ये एकही बाई निवडून आली नव्हती, म्हणजे तेव्हा सिनेटमधल्या एकूण एक बायका मताशिवाय बसल्या होत्या. पगार भत्ता गाडी मात्र सगळ्यांना. गरीब देशाला हे परवडत नाही, काउंट्यांचे निवडून आलेले गव्हर्नर आहेत ना भांडायला!

वाटसरू:
बायकांच्या मताचा मुद्दा खरा आहे, तो नियम बदलायलाच हवा. पण गव्हर्नर संसदेत बसत नाहीत, कायद्यावर मत देत नाहीत, मग भांडणार कुठे? २०२० आठवा. काउंट्यांत पैसे वाटायचं नवीन सूत्र आलं, लोकसंख्येवर जास्त भर देणारं. वजीर, मांडेरा, मार्साबिट हा सगळा उत्तरेचा कोरडा भाग, माणसं कमी, अंतरं प्रचंड, त्यांचे पैसे कापले जाणार होते. सिनेटर अडून बसले, एकदा नाही दहा वेळा मामला फिसकटला, ऑगस्टमध्ये तीन सिनेटरना पोलिसांनी उचललं तरी मागे हटले नाहीत. शेवटी सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला की पुढच्या वर्षी काउंट्यांना ५० अब्ज शिलिंग जास्त द्यायचे आणि कुणाचंच कमी करायचं नाही. खालच्या सभागृहात मतदारसंघच लोकसंख्येवर पाडलेले, तिथे मांडेराचं कोण ऐकणार होतं?

रुग्णसेविका:
त्या दहा वेळांत काय झालं ते मी सांगते. तेव्हा आम्ही तिकडेच होतो, आमच्या शेजारची मुलगी काउंटीच्या दवाखान्यात नर्स, कोरोना ऐन भरात, आणि तिचा दोन महिने पगार नाही. संध्याकाळी ती युनिफॉर्मवरच आमच्या दारात यायची, पीठ उसनं न्यायला, उगालीसाठी, म्हणजे तिकडच्या मक्याच्या घट्ट उकडीसाठी. मान खाली घालून भांडं पुढे करायची. आरोग्य तिकडे काउंट्यांकडे आहे, म्हणजे सूत्र अडकून वरून पैसे थांबले की दवाखाना थांबतो. सिनेटर तत्त्वासाठी भांडत होते हे मान्य, पण झळ तिला बसली. असं सभागृह काय कामाचं?

वाटसरू:
ताई, हे वाचून वाईट वाटलं, खरंच. तरी मला वाटतं दोष नियमात आहे. सूत्र अडकलं तर तोपर्यंत जुन्या सूत्राने आपोआप पैसे सुटतील अशी सोय हवी, सभागृहच काढून टाकणं हा उपाय नव्हे.

सह्याद्री_७:
आणि महाभियोगात हे सिनेटर कोर्टाचं काम करतात त्याचं काय? १७ ऑक्टोबर २०२४ ला उपराष्ट्राध्यक्ष गाचागुआंना काढलं, ते छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलमध्ये होते, साक्ष द्यायला येऊ शकले नाहीत, दोन दिवस थांबा म्हटलं तर थांबले नाहीत, त्याच रात्री मतदान उरकलं. ११ आरोपांपैकी ५ सिद्ध धरले. राजकारणी माणसांनी न्याय करायचा म्हटलं की हेच होणार.

वाटसरू:
ती घाई चुकीचीच होती, तिथे तुमच्या बाजूने आहे मी. पण सिनेट नसती तर एकाच सभागृहाने आरोप ठेवले असते आणि त्यानेच काढलंही असतं. आणि हा प्रयोग केनियाने आधी करून बघितलाय. १९६३ ला स्वातंत्र्याबरोबर ४१ जणांची सिनेट होती, १९६६ ला ती खालच्या सभागृहात मिसळून टाकली. प्रांतांच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही आणि पुढची चाळीसेक वर्षं रस्ता असो की दवाखाना, सगळं नैरोबीच्या मर्जीवर.

रुग्णसेविका:
ते ठीक आहे, पण मग ती आपोआप पैसे सुटायची सोय आधी करा, अधिकार वाढवायचं नंतर बघा. त्या मुलीसाठी तरी एवढा क्रम पाळा.