मदत हवी आहे: घरात विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही, पेनड्राइव्ह मात्र एकच. व्हायरस थांबवायचा कुठे?

नमस्कार मंडळी,

अर्धी माहिती दिली की पहिले चार प्रतिसाद "कॉन्फिगरेशन सांगा" असेच येतात, म्हणून सगळं एकदम लिहितो.

आम्ही सोलापूरचे. वडील टॉवेल-चादरीची डिझाइनं करून देतात. गिऱ्हाइकाचं नाव, लोगो, नक्षी कॉम्प्युटरवर बसवायची, फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात पोचवायची. तिथल्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला (मागावर नक्षी विणून घेणारं यंत्र) तो पेनड्राइव्ह लावला की माग चालू.

वडिलांचा डेस्कटॉप विंडोज ७ वर आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) चालतं, त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या म्हटलं की किंमत ऐकून वडील चहा मागवतात. माझा लॅपटॉप विंडोज १०. धाकट्या भावाकडे लिनक्स मिंट. ताई पुण्याहून येते तेव्हा तिचा मॅकबुक.

गेल्या आठवड्यात जीएसटीचे कागद छापायला हाच पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट, साइज १ केबी. कारखान्यात लावला तर डिझाइनच दिसेना, माग तसाच उभा. भाऊ म्हणतो लिनक्सला व्हायरस लागत नाही, ताई म्हणते मॅकला लागत नाही. बरोबरही असेल, कारण दोघांकडे लावून बघितला, काही झालं नाही. पण तोच पेनड्राइव्ह वडिलांच्या मशीनला लावला आणि आता त्याला जो पेनड्राइव्ह लावू त्याचे शॉर्टकट होतायत.

प्रश्न असे की फाईली परत मिळतील का? चारही मशिनांना वेगवेगळा अँटिव्हायरस घ्यायचा का? आणि विंडोज ७ सोडता येत नसेल तर काय करायचं?

चाटी गल्ली
फॉरमॅट मारा की वो. विषय संपला.

धागाकर्ता
आत दिवाळीच्या ऑर्डरची डिझाइनं आहेत. फॉरमॅट मारला तर वडील मला फॉरमॅट मारतील.

टर्मिनलवाला
फॉरमॅट नको. फाईली बहुतेक जागेवरच असतील, फक्त लपवल्यात. पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप प्रोग्रॅम चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये काढून टाकली, जुन्या विंडोजसाठीही २०११ मध्ये तसा अपडेट दिला. म्हणून या व्हायरसांनी शॉर्टकटचं सोंग घेतलं. तुम्ही फोल्डर समजून डबल-क्लिक करता. तो आधी लपलेली स्क्रिप्ट चालवतो आणि लगेच तुमचा खरा फोल्डरही उघडून दाखवतो. सगळं नेहमीसारखं दिसतं, म्हणून शंका येत नाही.

भावाच्या मिंटचा इथे उपयोग करा. लिनक्सला विंडोजचा 'हिडन' ठप्पा सहसा कळत नाही, त्यामुळे खऱ्या फाईली उघड दिसतील. कधीकधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेला असतो, तोही बघा. फक्त स्वतःच्या डिझाइनच्या फाईली ओळखून एका कोऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. डॉट एलएनके, डॉट व्हीबीएस, डॉट जेएस, डॉट ईएक्सई यातलं काहीही उचलू नका. मग जुना फॉरमॅट करा, तेव्हा चाटी गल्लीवाल्यांचंही समाधान होईल.

भाऊ आणि ताई दोघंही अर्धंच बरोबर आहेत. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्स-मॅकवर चालत नाही, पण फाईल म्हणून पेनड्राइव्हवर जशीच्या तशी राहते आणि पुढच्या विंडोजला पोचते. पानात गुंडाळलेला विंचू घरभर फिरवल्यासारखं आहे. मिंटवर क्लॅमएव्ही नावाचा अँटिव्हायरस फुकट मिळतो. तो मुख्यतः मेल सर्व्हरवर विंडोजचेच व्हायरस पकडायला वापरतात. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी तिथे स्कॅन करायचा, अशी घराची शिस्त लावा.

जुळे सोलापूर
विंडोज ७ बद्दल कुणीच बोललं नाही, खरं दुखणं तिथंच आहे. त्याचा आधार (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट) १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यातला डिफेंडर (विंडोजसोबतच येणारा राखणदार प्रोग्रॅम) फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम बघतो, आजच्यासारखा पूर्ण अँटिव्हायरस तो विंडोज ८ पासून झाला. क्रोमचीही १०९ नंतरची आवृत्ती त्यावर येत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर, आठवतोय? तो कुणी क्लिक न करता नेटवर्कवरून पसरला आणि त्यात सापडलेली बहुसंख्य मशिनं विंडोज ७ चीच होती. पॅच (भोक बुजवणारा अपडेट) दोन महिने आधी येऊन पडला होता, लोकांनी टाकला नव्हता. आता तर नवा पॅच येतच नाही.

म्हणून डिझाइनचं मशीन ठेवा, पण इंटरनेट तोडा. नेटची केबल काढा, वायफायचा डोंगल काढून कपाटात ठेवा. त्यावर मेल नाही, यूट्यूब नाही, बँक तर नाहीच. आधी ते मशीन मात्र साफ करा. स्वच्छ मशीनवर एखाद्या नावाजलेल्या अँटिव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क बनवा, डेस्कटॉप तिच्यावरून बूट करा आणि स्कॅन लावा. म्हणजे लागण झालेली विंडोज झोपलेली असतानाच तपासणी होते. चालू विंडोजमधून केलेल्या साफसफाईवर माझा भरवसा नाही.

भाकरी-शेंगाचटणी
विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, लॅपटॉपकडे बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट पैसे न भरता मिळतात. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असायला हवी. ११ चालत असेल तर सरळ ११ वर जा.

लॅपटॉपला विकत अँटिव्हायरसची गरज मला तरी वाटत नाही, डिफेंडर पुरतो. दोन अँटिव्हायरस एकत्र तर अजिबात टाकू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्यापेक्षा रोजच्या वापराला अॅडमिन नसलेलं साधं खातं काढा. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर बंद! क्रॅक चालवताना "अँटिव्हायरस बंद करा" असं तो स्वतःच सांगतो आणि आपण मुकाट बंद करतो.

टर्मिनलवाला
+१. ताईंसाठी एक. मॅकला होत नाही हे जुनं झालं. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाचा व्हायरस जावाच्या फटीतून सुमारे ६ लाख मॅकमध्ये शिरला होता. अॅपलचे एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर हे राखणदार मॅकच्या आत असतातच, म्हणून हल्ली चोर यंत्राला सोडून माणसालाच गाठतात. "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, ही ओळ टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी) पेस्ट करा" असं एखादी वेबसाइट म्हणाली की लगेच बंद करायची. ही युक्ती विंडोजवरही चालते.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मिंटवर फाईली दिसल्या. डिझाइनं सगळी आहेत, एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेली. झेरॉक्सला आता पेनड्राइव्ह नेतच नाही, पीडीएफ दुकानदाराच्या मेलवर पाठवतो.

एकच उरलं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर कोण काय लावतं, माझ्या हातात नाही. तिथून परत येताना पेनड्राइव्ह घाण होऊ नये म्हणून काय?

जुळे सोलापूर
राइट-प्रोटेक्टचा खटका असलेला पेनड्राइव्ह मिळतो. खटका लावला की वाचता येतं, लिहिता येत नाही, म्हणजे व्हायरसलाही जागा नाही. एसडी कार्डाच्या बाजूलाही खटका असतो, पण तो मानायचा की नाही हे कार्ड रीडरवर अवलंबून, म्हणून पेनड्राइव्हच बघा. जॅकार्डवाल्यांना आधी विचारून घ्या, काही कंट्रोलर पेनड्राइव्हवर स्वतः काहीतरी लिहू बघतात, मग खटका लावला की अडून बसतात.

आणि डिझाइनांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, कॉपी झाली की काढून ठेवलेली. लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतो.

चाटी गल्ली
खटक्याचा पेनड्राइव्ह नवी पेठेत विचारून बगा. नाही मिळाला तर ऑनलाइन. आणि त्याच्यावर मार्करनं "फक्त कारखाना" लिवा, न्हाईतर ताई त्यातच लग्नाचे फोटो भरून नेतील.