शिफ्ट बदलताना अर्धवट कामाची नोंद कशी ठेवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, विमान देखभालीत काम करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आमच्या हँगरमध्ये टास्क कार्डवर (कामाच्या पायऱ्या लिहिलेला कागद) प्रत्येक पायरीला सही करण्याऐवजी शिफ्ट संपताना एकदम सह्या करायची सवय पडत चालली आहे. त्याहून वाईट म्हणजे, आड येतो म्हणून काढलेला पॅनल किंवा सोडवलेला कनेक्टर कार्डात नसतो, म्हणून कुठेच लिहिला जात नाही. तोंडी सांगितलं की झालं!

मला याची खरंच धास्ती वाटते. ११ सप्टेंबर १९९१ला टेक्सासमध्ये एम्ब्रेअर १२० विमान हवेतच मोडून १४ जण गेले. आदल्या रात्री आडव्या स्टॅबिलायझरच्या (शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या) पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू काढले होते. पुढच्या शिफ्टला पत्ताच नव्हता.

तुम्ही काढलेल्या प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद उघडता, की मूळ कार्डालाच पुरवणी जोडता? उड्डाणाची घाई असतानाही टिकेल अशी पद्धत हवी आहे. आणि वीस-वीस वर्षं काम केलेल्या ज्येष्ठांना हे न दुखावता कसं सांगावं? मला तेच सगळ्यात अवघड वाटतंय.